येतो म्हणाली

“तोंड भिंतीकडं का?” मी विचारलं.

“सवय.”

“असली कसली सवय? आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. डब्यात बसून गायल्यासारखं वाटतंय सगळं.”

“डब्यातच तर बसलोय,” प्रल्हाद म्हणाला आणि गिटारची खालची तार पुन्हा जुळवू लागला. ती तार सकाळपासून जुळलेलीच होती. त्याचा उजवा पाय जमिनीवर ताल धरून होता. गाणं चालू असो वा नसो, तो पाय कधी थांबत नसे, आणि तो बघून बघून माझाही जीव वरखाली व्हायला लागला होता.

इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या शेडला पाठ लावून एक लांबट खोली होती. तीत प्रल्हाद उरणे आणि त्याचे वडील राहायचे. मी कोल्हापूरचा. तिथल्या एका लहानशा स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचो. भक्तिगीतं, डोहाळेजेवणाची गाणी, निवडणुका आल्या की प्रचाराची. अशाच एका प्रचारगीतात मागे ‘येणार, येणार’ ओरडायला काही पोरं आणली होती, त्यातला हा एक. चहाच्या सुटीत त्यानं कोपऱ्यात बसून स्वतःचं एक गाणं म्हटलं. हातात गिटार, गळ्यात तार वाकवून केलेला आकडा आणि त्यात अडकवलेला माउथ ऑर्गन. मागावरून थकून घरी आलेल्या माणसाला आपल्याच बायकोचा आवाज ऐकू येत नाही, असं काहीतरी ते गाणं होतं. भावगीत नव्हतं, लोकगीत म्हणावं तर तेही नव्हतं, आणि सिनेमातल्यासारखं तर अजिबात नव्हतं. माझ्या हातातला चहा गार झाला.

“असली आणखी आहेत?” मी विचारलं.

“आहेत की. ऐकणारी माणसं नाहीत.”

आमच्या मालकांनी तर दोन ओळी ऐकून हात जोडले. “मराठीत गिटार घेऊन रडायचं असेल तर आपापल्या खर्चानं रडा,” म्हणाले. मग आम्ही आपापल्या खर्चानं रडायचं ठरवलं. कॅसेटचं नावही ठरलं, ‘धोटा’. आडवा धागा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारा जो लाकडी तुकडा असतो, तो धोटा.

अडचण एकच होती. प्रल्हादला स्टुडिओत गाता येईना. त्या बंद खोलीतून तो दोन ओळी म्हणून बाहेर यायचा. घरी गावं, तर इचलकरंजीत शांतता मिळणार कुठं? दिवसरात्र सगळं गाव खटाक-खटाक करत असतं. आठवड्यातून एक दिवस वीज बंद, तेव्हा माग बंद. पण वीज नाही म्हटल्यावर माझं रेकॉर्डिंगचं मशीनही बंद. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत. शेवटी मी मेव्हण्याच्या जीपची बॅटरी काढून आणली. “संध्याकाळी जीप लागणार आहे,” हे त्यानं मला इतक्यांदा बजावलं होतं की, बॅटरीकडं नजर गेली की मला मेव्हण्याचंच तोंड दिसायचं.

दुपारपर्यंत बाकीची गाणी झाली. एकच उरलं होतं, कॅसेटच्या नावाचं. ते आलं की प्रल्हाद काहीतरी काढायचा. पाणी पिऊन येतो, तार उतरलीय, बाहेर कुत्रं भुंकतंय. बाहेर कुत्रं नव्हतं.

आवाज येत होता तो दारातून. उंबऱ्याशी त्याचे वडील, आबा, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. कट्ट, कट्ट. आयुष्य मागावर गेलेलं, कान कामातून गेलेले. आपण आवाज करतोय हे त्यांना कळत नव्हतं. उंच, वाळका माणूस. गाणं चालू असताना मधूनच मान वर करून मुलाच्या पाठीकडं बघायचे आणि पुन्हा शेंगांकडं वळायचे.

“आबांना जरा चहा आणायला पाठव,” मी म्हणालो. “त्या शेंगा सगळ्या गाण्यांत वाजायला लागल्यात.”

प्रल्हादनं हातानं कपबशीची खूण केली. आबा उठले. बाहेर भुरभुर चालू होती. त्यांनी खुंटीवरचं खताच्या पोत्यातलं प्लॅस्टिक काढलं, डोक्यावर खोपीसारखं घेतलं, किटली उचलली आणि गेले.

“छत्री नाही?” मी विचारलं.

“होती. कुठं गेली कुणास ठाऊक. नवी घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणतात. त्यांचं सगळंच तसं. मालक आतले चांगले माग देतोय, मुकादम करतोय, तर नको. दारातलेच माग पाहिजेत. उन्हाळ्यात झळ लागते, थंडीत वारं झोंबतं, पण जागा सोडणार नाहीत. हट्टी माणूस.”

हे बोलताना तो खोलीत येरझाऱ्या घालत होता. चार पावलं तिकडं, चार पावलं इकडं. मशीनची वायर त्याच्या पायात येईल म्हणून मी ती उचलून धरली.

“प्रल्हाद, हे गाणं करायचं नसेल तर तसं सांग. मी बॅटरी गुंडाळतो.”

“करायचंय. त्याच्यासाठी तर सगळा खटाटोप.”

“मग बस.”

तो बसला नाही. दारापर्यंत जाऊन गल्लीत डोकावला, वडील लांब गेल्याचं बघितलं आणि मग बोलला. “माझ्या बहिणीचं गाणं आहे. पमाचं. थोरली माझी. सहा वर्षं झाली जाऊन.”

मला वाटलं वारली. तसा चेहरा मी केलाही असेल.

“तसं नव्हे. शेडमध्ये माग दुरुस्त करणारा एक जॉबर यायचा. परजातीतला. त्याच्याबरोबर गेली. कुणाला सांगितलं नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. आई नव्हतीच. आबा एकदाच बोलले, हिथनं पुढं तिचं नाव ह्या घरात घ्यायचं न्हाई. तेव्हापासून घेतलेलं नाही. मीसुद्धा.”

“आहे कुठं ती?”

“माग असतील तिथं असणार. भिवंडी, मालेगाव, सुरत. जॉबर दुसरीकडं कुठं जाणार? आणि मागवाल्यांची कॅसेट मागवाल्यांत फिरते रे. चहाच्या गाड्यावर लावतात, शेडच्या बाहेर लावतात. एक कॅसेट तिच्यापर्यंत पोचली, तरी तिला कळेल की घरात कुणीतरी तिचं नाव घेतंय. बाकी विकली काय न विकली काय.”

“आणि आबा?”

“त्यांना कळता कामा नये. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलंय.”

मी हसलो. “अरे, त्यांना ऐकू कुठं येतंय!”

प्रल्हाद माझ्याकडं जरा चमत्कारिक बघत राहिला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग सोडून दिलं. मला तेव्हा वाटलं, वडिलांच्या बहिरेपणावर हसलेलं त्याला आवडलं नाही.

“ते आत्ता घरात नाहीत ना,” मी म्हणालो. “मग वळून बस. तोंड दाराकडं कर. हे गाणं तरी डब्यातून बाहेर येऊ दे.”

त्यानं पुन्हा एकदा गल्लीत बघितलं. मग खाटेवर दाराकडं तोंड करून बसला, डोळे मिटले आणि सुरू झाला. मशीनवरची सुई छान हलू लागली. आवाज मोकळा झाला होता. दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

धोटा गेला, धोटा आला,
धागा मागं ठेवून गेला.
पमा गेली, पमा गेली,
न सांगता पमा गेली.

पहिलं कडवं संपत आलं तेव्हा आबा किटली घेऊन दारात उभे राहिले. डोक्यावर तेच प्लॅस्टिक, त्यावरून पाणी गळतंय. प्रल्हादचे डोळे मिटलेले. मला काही चिंता वाटली नाही. बहिऱ्या माणसाला काय कळणार, एवढंच माझ्या डोक्यात. उलट किटली खाली ठेवताना वाजेल म्हणून मी ओठावर बोट ठेवून त्यांना खूण केली आणि ते आहेत तिथंच थांबले. माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. मुलाच्या तोंडाकडं ते टक लावून बघत होते.

प्रल्हाद दुसऱ्या कडव्यात शिरला. शेडच्या दारातून ती गेली, बाप मागावरच उभा होता, त्यानं मान वर केली नाही, असं ते कडवं. आवाज चढत गेला, गिटारवरचा हात जोरात पडू लागला, पाय जमिनीवर आपटू लागला. ‘न सांगता पमा गेली’ ही ओळ पुन्हा आली आणि आबा बोलले.

“न्हाई. सांगून गेली.”

बहिऱ्या माणसाचा आवाज, खोलीत मावेना इतका मोठा. प्रल्हादचा हात तारांवर तसाच राहिला. त्यानं डोळे उघडले.

“‘येतो’ म्हणाली,” आबा म्हणाले.

टेप फिरत होती. बंद करायचं मला सुचलंच नाही. प्रल्हादनं तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मला वाटलं, भीतीनं वाचा गेली. तेवढ्यात आबांनी उत्तर दिलं.

“मगाशीच आलो. नाव घेतलंस तवापास्नं बघितलं.”

प्रल्हादचे ओठ पुन्हा हलले, नुसतेच. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मागाच्या त्या खटाक्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठ बघूनच बोलतात. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी दिवसभर गप्पा मारतो आणि आवाज कुणीच काढत नाही. बापलेक घरातही तसंच बोलत होते. आणि ज्या नावाला आधी ओठ मिटावे लागतात आणि मग पुन्हा मिटावे लागतात, ते नाव तर आबांना गल्लीच्या टोकावरूनही वाचता आलं असतं. प्रल्हाद भिंतीकडं तोंड करून का बसायचा ते मला असं कळलं. म्हणजे अर्धा संवाद मला ऐकू येत होता आणि अर्धा फक्त दिसत होता.

प्रल्हादनं काय विचारलं ते आबांच्या उत्तरावरून समजलं.

“कुणी इचारलंच न्हाई तर सांगू कुणाला? गाव म्हणालं, न सांगता गेली व्हय? म्या म्हणलो, व्हय. सांगून गेली म्हटलं असतं, तर म्हणाले असते, मग आडवली का न्हाईस?”

प्रल्हाद उठला. त्याचे ओठ भराभर हलत होते, मान हलत होती, हात हलत होते.

“मला काय ठावं, ती कायमची जातीया?” आबा म्हणाले. “दारात आली. समदे माग चालू हुते. काय तर बोलली. माझा धागा तुटला हुता, मी खाली बघत हुतो, सुरवातीचं दिसलं न्हाई. मान वर केली, तवा शेवटचा शबूद दिसला. येतो. म्या मान हलवली. ती गेली.”

आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. आणि घरातून निघताना ‘जातो’ तर कुणीच म्हणत नाही. तेव्हा पमाच्या ओठांवर आबांना जे दिसलं त्यात वावगं काही नव्हतं. पोरगी दुकानाला निघाली असेल, असं समजून त्यांनी मान हलवली असणार.

“मग नाव का घेऊ दिलं नाहीसा?” प्रल्हादनं विचारलं. या खेपेला आवाज निघाला, चिरका, आणि तो वडिलांपेक्षा मला आणि त्या मशीनला जास्त ऐकू आला असेल.

“नाव घेतलं की माणसं इचारत्यात, कुठं हाय, कशी हाय. मला काय म्हाईत हाय सांगायला?” आबांनी किटली उंबऱ्यावर ठेवली. “एवढं म्हाईत हाय की येतो म्हणाली. येतो म्हणून गेलेलं माणूस येतंय. आलं, तर दारात कुणीतर वळखीचं नगं?”

मी पुष्कळ वर्षं लोकांचे आवाज टिपायचा धंदा केला. पण त्या वेळी माझे डोळे भरून आले आणि मशीनवरची सुई मला दिसेना, हे सांगून टाकतो. प्रल्हाद खोलीच्या मधोमध उभा होता. त्याचा पाय थांबला होता.

“पुन्यांदा म्हण,” आबा खाली बसत म्हणाले. “हिकडं तोंड करून.”

प्रल्हाद खाटेवर बसला. गिटार मांडीवर घेतली. वडिलांकडं बघून ‘धोटा गेला’ म्हणाला, ‘धागा मागं ठेवून गेला’ म्हणाला, आणि पुढं जाईना. तिसऱ्या ओळीशी त्याचे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. दोनदा झालं, तीनदा झालं. आबा त्याच्या तोंडाकडं बघत होते, जणू काही परीक्षेचा निकाल तिथं लागणार आहे. तेवढ्यात शेडमध्ये कुठंतरी दिवा लागला, कुणीतरी ओरडलं. वीज वेळेआधी आली होती. एक माग सुरू झाला, त्याच्या मागोमाग दुसरा, मग सगळी भिंत थरथरू लागली. मी टेप थांबवली. आबांनी चहा ओतला.

निघताना जीपची बॅटरी उचलता उचलता मी प्रल्हादला म्हणालो, “आबांचा आवाज काढून टाकता येईल. गाण्याची शेवटची ओळ कोल्हापुरात येऊन म्हण, मी जोडून देतो.”

“गाणं काढलंस तरी चालेल,” तो म्हणाला. “तो आवाज ठेव.”

“आणि ‘न सांगता’ ही ओळ? ती तर आता चूक ठरली.”

“असू दे. माझी चूक तिच्या कानावर जाऊ दे, आणि दुरुस्तीपण.”

तर ‘धोटा’चा शेवट तसा आहे. गाणं मध्येच तुटतं, आबा बोलतात, मग बराच वेळ काही नाही, मग लांबून एकेक माग सुरू होतो. मधली बोलाचाली आम्ही काढली. ती घरातली होती. मेव्हण्याला त्या संध्याकाळी जीप वापरता आली नाही म्हणून तो वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होता, पण त्याला इलाज नव्हता.

कॅसेट निघाली आणि जशी निघाली तशी बुडाली. दुकानदार विचारायचे, भक्तिगीत का लावणी? यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड पडायचं. एकानं तर ती कीर्तनाच्या कॅसेटांत नेऊन ठेवली, कारण वेष्टनावर प्रल्हादचा दाढीवाला फोटो होता. वर्तमानपत्रांत एक ओळ आली नाही. उरलेले खोके माझ्या स्टुडिओतल्या माळ्यावर गेले. प्रल्हाद एका शाळेत संगीत शिकवू लागला. मी अधूनमधून विचारायचो, “काही कळलं?” तो नाही म्हणून मान हलवायचा. मग मी विचारणं बंद केलं.

अशी तीनेक वर्षं गेली असतील. गारगोटीकडची एक भजनी मंडळी रेकॉर्डिंगला आली होती. ती आतल्या हॉलमध्ये टाळ जुळवत होती आणि मी काचेच्या अलीकडं मशीनशी बसलो होतो. दार ढकलून एक बाई आली. बाहेर कडक ऊन, आणि हिच्या हातात पुरुषांची मोठी काळी छत्री. मुठीला लाल-पिवळा सुती धागा घट्ट गुंडाळलेला. मागवाले आपली वस्तू ओळखू यावी म्हणून असा धागा गुंडाळतात.

“कॅसेटवर हितला पत्ता हाय,” ती म्हणाली. “त्यात गाणारा माझा भाऊ. मी भिवंडीला असतो.”

मी उभा राहिलो. तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. कुठल्याही क्षणी उठून जाईल अशी.

“आमच्या ह्यांच्या शेडमध्ये कुणाकडं तर मिळाली,” ती म्हणाली. “मी तुम्हाला जास्त तरास देत न्हाई. ही छत्री तेवढी प्रल्हादकडं पोचवा. आबांची हाय. आणि त्याला म्हणावं, गाण्यात चूक हाय. मी न सांगता गेलो न्हवतो.”

मी विचारलं, “गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाहीत?”

“कुठलं ऐकतोय! शेवटाला आमच्या टेपनं फीतच खाल्ली. ‘न सांगता पमा गेली’ म्हणाला आणि टेप आडकली.”

माळ्यावरून मी नवी कॅसेट काढली, पुढं पळवून शेवटावर आणली आणि लावली. प्रल्हादचा आवाज, ताल धरणारा पाय, ती ओळ. मग आबा. “न्हाई. सांगून गेली. ‘येतो’ म्हणाली.”

पमानं पदर तोंडाला लावला. माग सुरू होईपर्यंत हलली नाही.

“आणि एकदा लावा,” म्हणाली.

मी लावली. या वेळी आबांचं बोलणं झालं आणि ती हसली. हसता हसता डोळे पुसू लागली आणि डोळे पुसता पुसता पुन्हा हसली. मला काही कळेना.

“मी ‘येतो’ न्हाई म्हणालो ओ,” ती म्हणाली. “‘छत्री नेतो’ म्हणालो.”

“काय?”

“पाऊस हुता त्या दिवशी. घरात छत्री एकच. सुट्टी झाल्यावर आबा शोधत बसतील, पोरगं कुठं टाकून आलं म्हणून प्रल्हादला बोलतील, असं वाटलं. म्हणून शेडच्या दारात गेलो आणि म्हणालो, आबा, छत्री नेतो. जातो म्हणून सांगायची छाती न्हवती. छत्रीचं तेवढं सांगितलं.” तिनं त्या मुठीवरचा धागा नखानं सारखा केला. “त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समदं समजलं त्यास्नी, आणि जा म्हणाले. त्याच्या जिवावर मी इतकी वर्षं काढली.”

मी माझ्याच तोंडानं आवाज न काढता दोन्ही शब्द म्हणून बघितले. येतो. नेतो. ओठ जसेच्या तसे.

“अजून मागावर जात्यात?” तिनं विचारलं.

“जातात. दारातल्याच मागावर. मालक आतले देतोय, मुकादम करतोय, पण जागा सोडत नाहीत. दारात ओळखीचं माणूस पाहिजे म्हणतात.”

“आणि पावसात?”

“प्लॅस्टिक घेतात डोक्यावर. नवी छत्री घेऊ देत नाहीत.”

तिनं छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मी आता हिला पाणी तरी द्यावं म्हणून उठलो, तेवढ्यात हॉलमधून भजनी मंडळींचे बुवा काचेवर टकटक करू लागले. त्यांची पेटी माइकपासून लांब पडली होती आणि घरी जायची घाई होती.

“दोन मिनिटं बसा,” मी म्हणालो. “मी प्रल्हादच्या शाळेत फोन लावून देतो.”

“आबास्नी सांगणार का तुम्ही?” तिनं विचारलं. “मी येतो म्हणालो न्हवतो, ते?”

“मी कशाला सांगू?”

हॉलमध्ये शिरलो आणि जाड दार मागं बंद झालं. माइक खाली घेतला, बुवांना नीट बसवलं, टाळवाल्याला मागं सरकवलं. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मान वळवून काचेकडं बघितलं.

पमा उभी होती. मला पोचवायला म्हणून दिलेली छत्री तिनं भिंतीपासून उचलली होती. मी बघतोय हे दिसल्यावर तिनं ती जरा वर धरली आणि काहीतरी म्हणाली. त्या काचेतून आवाज येत नाही. येऊ नये म्हणूनच ती बसवलेली. मला फक्त तिचे ओठ दिसले. बारीकसा शब्द होता, एकच. नेतो म्हणाली का येतो म्हणाली, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी दोन्हींची वाट इचलकरंजीलाच जात होती.

मी मान हलवली.